घर चांगलं, जागा वाईट

पुएर्तो माँत
६ जून १९९४

लाडक्या एदुविना आत्या,

तुझी चिठ्ठी लाँचवाल्यानं आणून दिली. काय ती चिठ्ठी! "नदी आणि भरती एकदमच घरात आल्या. मी जिन्यावर, मांजर माळ्यावर. दोघी बऱ्या आहोत." आणि खाली सही. अगं, इथं बातम्या ऐकून माझा जीव टांगणीला लागला होता, टेलिफोनचे खांब तिकडे आडवे झालेत, आणि तू तार केल्यासारखी दोन ओळी लिहितेस!

आता माझं ऐक. पुरानंतर सरकारनं पाहणीचं पथक नेमलंय आणि त्यात माझी वर्णी लागलीय. आपल्या लाउकान शहरात किती घरं उभी, किती पडली, पाण्याचे नळ, गटारं, पूल, शाळा कुठे काय मोडलं आणि पुन्हा उभं करायला काय काय लागेल, हे सगळं ठरवायचं. बाकीचे दारोदार फिरणार आणि मी इथं कचेरीत बसून त्यांच्या माहितीची मोट बांधणार. आमचे प्रमुख उर्सुआ साहेब सान्तियागोहून आलेत. माणूस कडक आहे, पण प्रामाणिक आहे.

पथक लवकरच आपल्या खालच्या आळीत येईल. तुझ्या पाया पडते, त्यांना सगळं नुकसान दाखव. काही झाकू नकोस, काही आवरू नकोस. चिखल आहे तसा राहू दे. भिजलेली गादी दारातच ठेव.

आणि तोवर वर टेकडीवर बाबाकडे राहायला जा. बाबाचं घर कोरडं आहे. तुमचं बोलणं नाही हे मला माहीत आहे, गेली आठ वर्षं सुट्टीत दोन्ही घरी दोनदा जेवून माझं पोट बिघडतंय. पण पूर आल्यावर तरी माणसानं भांडण जरा बाजूला ठेवावं.

तुझी,
मिरेया


लाउकान, खालची आळी
१५ जून

मिरेया पोरी,

तुझं पत्र आलं, पण तुझी माणसं आधी येऊन गेली. वरातीमागून घोडं ते हेच.

अगं, पाहणीवाले येणार म्हणून नगरपालिकेच्या भोंग्यावर पुकारलं होतं. म्हणजे पाहुणेच की! सरकारी का असेनात. मग आम्ही सगळ्या बायका बाह्या वर सारून कामाला लागलो. मी भिंती गरम पाण्यानं आणि राखेनं घासल्या, चुलीला काळं पॉलिश केलं, पडदे धुऊन धुरावर वाळवले. गाद्या शेजारणीच्या गोठ्यात लपवल्या. पाहुण्यासमोर ओली गादी ठेवायची? माझी आई कबरीतून उठून कान उपटेल माझा.

दोघं आले. एक चष्मेवाला, एक दाढीवाला. बिचारे गुडघ्यापर्यंत भिजलेले. त्यांना आधी चुलीपाशी बसवलं, किसलेल्या बटाट्याच्या गरम मिल्काव भाकऱ्या वाढल्या, वर डुकराची चरबी. चष्मेवाला भिंतीकडे बघून विचारतो, "सेन्योरा, पाणी कुठवर आलं होतं?" मी म्हटलं, "बाळा, आता त्याचं काय? पुसून टाकलं." त्यानं इकडून बघितलं, तिकडून बघितलं, खांब ठोकले, फळ्या ठोकल्या, जमिनीवर उड्यासुद्धा मारल्या. तुझ्या आतोबानं बांधलेलं घर ते, हलतंय होय! शेवटी माझ्या दारावर मोठा हिरवा ठिपका रंगवून गेले. आळीत बहुतेक दारं हिरवी झाली. आम्ही सगळ्या खूश, जणू पोरं पहिल्या नंबरानं पास झाली.

एकट्या क्लोरिंदाचं दार लाल. तिनं केर म्हणून काढला नव्हता. पूर येण्याच्या आधीपासून काढला नव्हता ते तुझ्या माणसांना कोण सांगणार!

तुझ्या बापाकडे मी जाणार नाही. डुक्कर कापलं की नात्यात वाट्याचं ताट पाठवायचं, ही आपली रीत. त्यानं मला काय पाठवलं? हाडं! नुसती हाडं, वर एक चरबीचा तुकडा नाही. मी ताट तसंच्या तसं परत धाडलं. आता तो मला बघून टोपी खाली ओढतो आणि मी शाल वर ओढते. छान चाललंय आमचं.

धुरावर वाळवलेल्या शिंपल्यांची माळ पाठवतेय. साहेबालाही दे.

आत्या


पुएर्तो माँत
२२ जून

आत्या, आत्या, आत्या!

काय म्हणू तुला? तुमच्या आळीचे कागद आले आणि साहेबांनी चष्मा काढून पुन्हा लावला. "मिस बार्रिया, या भागात पूर आला होता ना नक्की?" मी मान खाली घातली. हिरवा ठिपका म्हणजे पहिला नंबर नव्हे गं बायांनो! हिरवा म्हणजे घर धड आहे, मदतीची गरज नाही. लाल म्हणजे नवीन घर. ज्यांनी घाम गाळून घासलं त्यांना काही नाही, आणि क्लोरिंदाबाईंना नवंकोरं घर! मी चिडले, मग हसले, मग पुन्हा चिडले. शिंपले मात्र साहेबांनी सगळे खाल्ले.

पण आता हसण्यासारखं नाही ते सांगते. नीट वाच.

घरांची पाहणी वेगळी झाली आणि जमिनीची वेगळी. जमिनीचा निकाल वाईट आलाय. नदीनं काठ खाल्लाय, पंपाचं घर वाहून गेलंय, ओढ्यावरचा पूल नाही, गटारं वाळूनं भरलीत. पुन्हा पाणी येणार, आणि यापेक्षा मोठं येणार. म्हणून अख्खी खालची आळी राहण्यासाठी बंद करायची असं ठरतंय. घरं हिरवी असोत की लाल, पाडायची. लोकांना आत पठारावर नेऊन सिमेंटच्या चाळी बांधून द्यायच्या. समुद्रापासून बसनं तासभर.

जमीन वाईट आहे हे मात्र खोटं नाही, आत्या. आकडे मीच मांडलेत, दोनदा तपासलेत. तुला तिथं राहा असं मी म्हणू शकत नाही. पठारावर जा असंही माझ्या तोंडून निघत नाही. जुलैच्या शेवटी अहवाल सान्तियागोला जाईल. तिथून तो आला की बदलत नाही.

काय करायचं सुचेना.

तुझी मिरेया


लाउकान
३० जून

मिरेया,

पठारावर मी काय करू? गाईंना शिंपले विकू? तिथून ओहोटी दिसत नाही, भरती ऐकू येत नाही. सकाळी उठल्यावर समुद्र कुठं आहे हे माहीत नसेल तर माणसानं पाय कुठल्या बाजूला टाकायचा? आणि सिमेंटची चाळ! वरचा खोकला की खालचा जागा.

आळीत कळल्यावर बायका रडल्या. मी पण रडले, खोटं कशाला बोलू. तुझ्या आतोबानं एकेक फळी डोंगरातून बोटीनं आणली. या घरात मी लग्न होऊन आले, याच घरात तो गेला. तू दुसरीत असताना चुलीमागच्या भिंतीवर खिळ्यानं नाव कोरलंस ते अजून आहे, घासून गेलं नाही.

रडून झाल्यावर मी चूल पेटवली आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. आता मला दोनच गोष्टी सांग.

एक, घर चांगलं आहे असं तुमचं पथक म्हणतं ना? मग ते मला कागदावर लिहून दे. शिक्क्यासकट. "एदुविना बार्रियाचं घर मजबूत आहे, खिळखिळं नाही." एवढंच पाहिजे.

दोन, वाईट जमीन कुठं संपते? पुलापाशी, देवळापाशी, की तुझ्या बापाच्या कुरणापाशी?

का विचारतेस म्हणून विचारू नकोस. म्हातारीला सवय असते चौकशा करायची.

आत्या


पुएर्तो माँत
७ जुलै

लाडक्या आत्या,

शिक्क्याचा कागद सोबत आहे. "खांब, तुळया, फळ्या सुस्थितीत." साहेबांनी सही करताना विचारलं, बाई कोर्टात जाणार का? मी म्हटलं, तसंच दिसतंय. आत्या, खरं सांग, वकील गाठलास का? असला तर बरं, पण कोर्ट वर्षानुवर्षं चालतं आणि नदी काही तारीख बघून येत नाही.

तुझा दुसरा प्रश्न. वाईट जमीन ओढ्यापाशी संपते. देवळाच्या मागून चढ लागतो तिथून पक्की आहे. बाबाचं कुरण सगळ्यात चांगलं, खाली खडक आहे, निचरा उत्तम. मी साहेबांना म्हटलंसुद्धा की पठारापेक्षा ही टेकडी बघा. ते म्हणाले, "टेकडीवर आज कोण राहतं? एक म्हातारा आणि दोन बैल. तिथवर पाण्याचा नळ, रस्ता, विजेचे खांब न्यायचे तर कुणासाठी न्यायचे? माणसं असतील तिथं मी नळ लिहू शकतो. रिकाम्या कुरणाला नळ लिहिला तर सान्तियागोला मला वेड्यात काढतील. आणि तिथं नवी घरं बांधायला पैसा नाही, चाळीच स्वस्त पडतात." त्यांचं चुकलं असंही नाही गं.

म्हणून म्हणते, कोर्टाच्या नादी लागू नकोस. निदान थंडी संपेपर्यंत बाबाकडे जा. एकदा जाऊन माग त्याच्याकडे आसरा. तू स्वतः उठून दारात गेलीस तर तो नाही म्हणणार नाही.

तुझी मिरेया


लाउकान
१३ जुलै

मिरेया,

कागद मिळाला. शिक्का सुरेख आहे.

वकील कसला गाठतेय! वकिलाला दोर ओढता येतो का?

सध्या फार कामात आहे. बटाटे किसायचेत, सफरचंदाच्या दारूचं पिंप कुणाकडून तरी आणायचंय, दारं-खिडक्या काढून ठेवायच्यात. मोठं पत्र नंतर. शनिवारी तेवीस तारखेला तू येऊ नकोस, घरात बसायला जागा नसेल.

आत्या

ता. क. तुझा बाप बरा आहे. ओझरता दिसला.


पुएर्तो माँत
१८ जुलै

आत्या,

तुझं पत्र वाचून मी घाबरले. दारं-खिडक्या का काढतेयस? पठारावर जायची तयारी केलीस? माझ्यावर रागावून? आणि दारूचं पिंप कशाला? निरोपाचं जेवण देतेयस का आळीला? मी काल कचेरीत डोळे पुसत बसले होते, शेवटी साहेबांनी त्यांचा रुमाल दिला.

ऐक. मी साहेबांच्या खूप मागे लागले. अहवाल धाडण्याआधी ते स्वतः एकदा खालची आळी बघायला तयार झालेत. शनिवारी तेवीस तारखेलाच, सकाळच्या लाँचनं. तुला देव मानेन, घरी थांब. घराच्या दारात उभी राहा, तो कागद हातात धर आणि त्यांच्याशी गोड बोल. ही शेवटची संधी आहे.

मिरेया


लाउकान, वरचा माळ
२६ जुलै

मिरेया बाळ,

वरचा पत्ता वाचलास का? पुन्हा वाच.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. पण तोवर माझ्या कामाला हात लावायला या म्हणून मी सगळ्यांना इर्जिकीचं आवतण देऊन बसले होते, आणि आवतण दिलं की देव आला तरी दिवस बदलत नाही. म्हटलं, येऊ दे तुझा साहेब. दारात उभी राहायला सांगितलंस ना? उभी राहीन. दार कुठं असेल ते मात्र बघावं लागेल.

आता पहिल्यापासून सांगते. तूच लिहिलंस, घर चांगलं, जागा वाईट. मग यात अवघड काय आहे गं? आपल्या आजोबांनी सासऱ्याशी भांडण झालं तेव्हा अख्खं घर खाडीपलीकडे नेलं होतं. तुम्ही शिकलेली माणसं घर आणि जमीन एकाच कागदावर मांडता, म्हणून तुम्हाला वाटतं ती एकमेकांना चिकटलीत. घर लाकडाचं, लाकूड ओढता येतं. बैल पाहिजेत, दोर पाहिजेत आणि माणसं पाहिजेत.

माणसं मिळाली. मी दारोदार गेले, रीतीप्रमाणे उभ्यानं विनंती केली, कुणी नाही म्हटलं नाही. बैलांच्या जोड्याही मिळाल्या. पण कुरण कुणाचं? आणि चढावर आघाडीला चालतील असे बैल अख्ख्या लाउकानात कुणाचे? अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी तीन वेळा अर्ध्या वाटेवरून परत आले. चौथ्यांदा पाऊस एवढा लागला की परत यायचं म्हटलं तरी भिजणार आणि पुढं जायचं म्हटलं तरी भिजणार. मग गेले पुढं.

तुझा बाप गोठ्यात होता. मला बघून टोपी खाली. मी पण त्याच्याशी बोलायला गेले नव्हते. सरळ बैलापाशी गेले आणि म्हटलं, "क्लावेल, शनिवारी माझं घर वर आणायचंय. तू आघाडीला चल, तुझे उपकार होतील."

लेकी बोले सुने लागे. गोठ्याच्या कोपऱ्यातून आवाज आला, "क्लावेल विचारतोय, घर ठेवणार कुठं?"

मी म्हटलं, "क्लावेल, कुरणाच्या अगदी वरच्या टोकाला. मालकाच्या नजरेआड."

"क्लावेल म्हणतो, तिथं वारा आहे. छप्पर उडेल."

"उडू दे की मेलं. छप्पर माझं आहे."

बैल रवंथ करत होता. मग तुझा बाप उठला, टोपी काढली, आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "एदुविना, भिजलीयस. आत ये. किती जोड्या सांगितल्यास?" मी आत गेले. त्यानं मातेचा कडू चहा उकळला. साखर जास्त घातली, तरी मी प्याले.

शनिवारी काय मजा आली म्हणून सांगू! घराखाली दोन लांब ओंडके सरकवले, घर दगडांवरून उचलून त्यांच्यावर बसवलं, आतून तिरप्या फळ्या ठोकल्या. चूलसुद्धा आतच. मांजर पण आत, बाहेर यायला तयार नाही. माळ्यावर आपला झेंडा लावला. बाया दोराला, बाप्ये दोराला, पुढं बैल, आणि तुझा बाप काठी घेऊन ओरडतोय, "ओढाऽऽ!" आणि घर करकरलं बघ, आणि निघालं. मिरेया, माझं घर निघालं! मी तोंडावर हात धरून उभी. तुझा आतोबा असता तर नाचला असता.

ओढ्यापाशी आलो तर पूल नाही. खांब आडवे टाकून वाट केली होती, पण घर तिथं एका बाजूला कललं. बायकांनी किंकाळ्या फोडल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "थांबा! डाव्या अंगाला आणखी दोन खांब टाका, वजन तिकडे आहे!" वळून बघते तर कोट-टाय घातलेला, छत्री उलटी झालेला माणूस. तुझे उर्सुआ साहेब! बिचारे खालच्या आळीत माझं घर शोधत होते. नुसते पायाचे दगड दिसले, आणि क्लोरिंदानं सांगितलं, "सेन्योरा एदुविना घर घेऊन बाहेर गेल्यात."

खांब टाकले. घर सरळ झालं. खरं सांगायचं तर माणूस कामाचा निघाला. मग त्यांनी मला विचारलं, "सेन्योरा, हे कुणाच्या परवानगीनं?" मी शिक्क्याचा कागद काढून दाखवला. "घर मजबूत आहे, खिळखिळं नाही. तुमचीच सही." त्यांनी कागद वाचला, घराकडे बघितलं, बैलांकडे बघितलं. तुझ्या बापानं त्यांच्या हातात दोर दिला. इर्जिकीत बघे नसतात. साहेबांनी ओढला गं! चढावर त्यांचा एक बूट चिखलात गेला, तरी ओढत होते. हसत होते वर.

घर वरच्या टोकाला मात्र पोचलं नाही. तुझ्या बापाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर बटाट्याचं वावर आहे ना, तिथं एक ओंडका रुतला आणि आघाडीचे बैल अडले. हलेचनात. आता बैल अडले की अडवले, मला शंका आहे. आघाडीला त्याचीच जोडी होती. पण अंधारून आलं, बटाटे आणि मटण शिजलं होतं, अकॉर्डियनवाला वाजवायला लागला होता. आता माझं घर त्याच्या खिडकीसमोर उभं आहे आणि मी चुलीपाशी बसले की मला त्याचं तोंड दिसतं. म्हणतो, माझा समुद्र झाकलास. मी म्हटलं, उन्हाळ्यात आणखी एक इर्जिक घालून वर नेईन, तोवर डोळे मीट.

एकच त्रास आहे. इथं नळ नाही. सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन त्याच्या झऱ्यावर जावं लागतं, आणि झरा त्याच्या अंगणात. गेलं की तो माते पुढं करतो, मग बसावं लागतं. घे म्हटल्यावर नाही म्हणणं बरं दिसत नाही. जाम उशीर होतो कामाला.

तुमच्या अहवालात एवढं लिही की लोकांना पाणी पाहिजे.

आत्या


पुएर्तो माँत
२० ऑगस्ट

प्रिय आत्या आणि प्रिय बाबा,

दोघांना एकच पत्र! आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय. पाकीट कोण फोडणार यावरून भांडू नका.

साहेब त्या शनिवारनंतरच्या सोमवारी एका बुटात आणि एका रबरी चपलेत कचेरीत आले आणि म्हणाले, "मिस बार्रिया, अहवाल फाडा. आपण चुकीची गोष्ट मोजत होतो." मग आम्ही सगळा हिशोब नव्यानं मांडला. खालच्या आळीची गरज घरांची नाहीच. घरं त्यांच्याकडे आहेत. गरज आहे जागेची, ओढ्यावर रुंद पुलाची, चढावर खडीच्या रस्त्याची, नळाची, गटाराची आणि विजेच्या तारा जरा उंच टांगायची, म्हणजे घरं जाताना अडकणार नाहीत. हे शेवटचं साहेबांनी स्वतः घातलं. सान्तियागोहून फोन आला की तारा उंच कशाला? साहेब म्हणाले, "घरं रस्त्यानं जातात म्हणून." पलीकडच्या माणसानं ते वाक्य दोनदा वदवून घेतलं म्हणे.

आणि मंजूर झालं! अगदी सगळं नाही. शाळा खालीच राहील आणखी दोन वर्षं, आणि गटाराला अर्धाच पैसा मिळालाय, त्यासाठी मी अजून भांडतेय. क्लोरिंदाबाईंचं घर कुजलेलं, ओढलं तर वाटेतच सरपण होईल, म्हणून त्यांना वरच नवीन बांधून देणार. पण चाळी रद्द. बाबा, तू कुरणाचा अर्धा भाग शहराला द्यायला कबूल झालास हे मला साहेबांनी सांगितलं. तू मला का नाही कळवलंस?

आता सगळ्यात चांगली बातमी. आत्या, टेकडीवर घर नेणारी तू पहिली, म्हणून नळाच्या यादीत तुझं नाव मी पहिलं घातलंय. हक्कच आहे तुझा. सप्टेंबरात स्वातंत्र्यदिनाचा सण आहे, त्याच्या आधी तुझ्या स्वयंपाकघरात पाणी येईल. बादली घेऊन हिंडायचं संपलं!

सणाला मी येतेय. लाँचमधून उतरून कुठल्या घरी आधी जायचं याचा यंदा विचार करावा लागणार नाही. एकाच अंगणात आहात.

तुमची मिरेया


लाउकान
३० ऑगस्ट

मिरेया,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. आज लिहितो कारण काम आहे.

आणखी चार घरं वर आली. बैल थकलेत, पण चालतात. पुलाचे लोक मापं घेऊन गेले. तुझा साहेब खडीच्या गाडीवर बसून आला होता. या वेळी बूट बरे होते.

काम असं. नळाच्या यादीत एदुविनाचं नाव पहिलं आहे ते काढ. कुणाला लहान पोरं आहेत, कुणाकडे म्हातारी माणसं आहेत, त्यांना आधी द्या. तिचं नाव शेवटी घाल. शेवटी म्हणजे अगदी शेवटी. जमलं तर पुढच्या साली.

ती आत्ता बाहेर झऱ्यावर आहे. बादली भरून झाली तरी बादलीला शिव्या देत उभी आहे. मी माते ठेवलाय. आत येईल, साखर जास्त झाली म्हणेल, आईच्या गोष्टी काढेल, माझ्या मोज्याचं भोक बघून ओरडेल आणि दिवे लागेपर्यंत बसेल. संध्याकाळी परत येईल.

घरात नळ आला तर ती माझ्याकडे कशाला येईल?

तिला यातलं काही कळवू नकोस. आणि घाई करू नकोस.

बाबा